पहिला माग कोणता घ्यायचा?

आज 'मागचा' आणि 'माग' हे दोन्ही शब्द सारखे येणार आहेत, तेव्हा जरा संदर्भाने ऐका, आणि वाचत असाल तर संदर्भाने वाचा.

मागच्या भागानंतर ज्या व्हॉइस नोट्स आल्या, त्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच. "ताई, विणायला सुरुवात करायचीये, पहिला माग कोणता घेऊ?" आणि खाली एका सुंदर लाकडी मागाची लिंक. काहींनी तर कार्टमध्ये टाकून ठेवलाय, फक्त माझ्या 'हो'ची वाट बघतायत. थांबा. आधी वीस मिनिटं मला द्या, मग बटण दाबा किंवा नका दाबू.

शब्द आधी क्लिअर करू, कारण 'ताणाबाणा' हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्यातला ताणा कुठला आणि बाणा कुठला हे विचारलं की गडबड होते. उभे धागे म्हणजे ताणा. आडवे म्हणजे बाणा. ताण्याचे एकाआड एक धागे वर उचलायचे, मधे फट तयार होते, त्या फटीतून बाणा न्यायचा, ठोकून बसवायचा. मग उरलेले धागे वर, पुन्हा बाणा, पुन्हा ठोका. झालं. तुमच्या अंगावरचा शर्ट, आजीची नऊवारी, गॅलरीत वाळत घातलेला पंचा, सगळं यातूनच येतं. टीशर्ट सोडून. तो विणलेला असला तरी स्वेटरसारखा टाक्याटाक्यांनी विणलेला असतो, मागावरचा नाही.

मग माग काय करतो? तीनच कामं. ताणा ताणून धरणं, धागे उचलणं आणि बाणा ठोकणं. यातलं पहिलं काम झाल्याशिवाय मागच नाही. दुसरं आणि तिसरं काम तो तुमच्यासाठी किती सोपं करतो, यावर त्याची किंमत आणि आकार वाढत जातो.

आता मला आज जे मुख्य सांगायचंय ते सांगते. माग बघताना सगळे जण स्वतःला विणताना बघतात. खिडकीतून ऊन येतंय, धोटा इकडून तिकडे जातोय, बाजूला चहा. पण नवशिक्याची दमछाक होते ती विणताना नाही, ताणा लावताना. शे-दीडशे धागे, सगळे सारख्या लांबीचे, सारख्या ताणाचे, गुंता न होता एकेक करून मागावर चढवायचे. तिथे लोक कंटाळतात, आणि माग ओढण्या वाळत घालायच्या कामी येतो. म्हणून पहिला माग निवडताना स्वतःला एकच विचारा: याच्यावर ताणा मी एकटी, माझ्या घरात, एका दुपारी लावू शकेन का?

'एकटी' हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्याकडे विणकराच्या घरात विणणं हे एकट्याचं काम कधीच नव्हतं. सूत उकलणं, कांड्या भरणं, ताणा तयार करणं, त्याला खळ लावणं, हे सगळं घरातली बाकीची माणसं किंवा शेजारपाजारचे कारागीर करायचे. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, ते स्वतंत्र कामच आहे. शिवाय हातमागावर ताणा अनेक मीटर लांब लावतात, आणि तो संपत आला की नव्या ताण्याचं एकेक टोक जुन्याच्या एकेका टोकाला जोडतात, म्हणजे सगळं पहिल्यापासून ओवायला नको. हजारो धागे असतात हं. व्हिडिओत आपल्याला दिसतो तो फक्त मागावर बसलेला माणूस. तुम्ही वन बीएचकेमध्ये माग आणता तेव्हा ही सगळी खाती तुमच्याकडेच येतात.

हे डोक्यात ठेवून आता पर्याय बघू.

सगळ्यात स्वस्त माग तुमच्या घरात आत्ता आहे. ऑनलाइन मागवलेल्या कुठल्यातरी वस्तूचा जाड पुठ्ठा. वर आणि खाली अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा पाडा, त्यात दोरा वर-खाली गुंडाळा, ताणा तयार. फोटोफ्रेमला खिळे मारले तर थोडा टिकाऊ होतो, त्याला फ्रेम लूम म्हणतात. इथे धागे उचलायचं काम बोटांनी किंवा गोधडीच्या मोठ्या सुईने, ठोकायचं काम जेवणाच्या काट्याने. खरंच काट्याने, छान ठोकतो तो. मर्यादा काय? कापड चौकटीएवढंच होणार. ओढणी, टॉवेल विसरा. कोस्टर, छोटं वॉल हँगिंग, मोबाइलची पिशवी इतपत.

पण या पुठ्ठ्याला कमी लेखू नका, आणि हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाहीये. पैठणीचा पदर कसा विणतात बघा. मोर, मुनिया, आसावली यातलं काहीच भरतकाम नसतं आणि छापलेलंही नसतं. बाण्यात प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. हिरवा धागा मुनियाच्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि मागे वळतो. मागच्या बाजूला धागे लोंबत नाहीत, म्हणून पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. हे टॅपेस्ट्री विणकाम, आणि तुमच्या पुठ्ठ्यावर हेच तत्त्व चालतं. रेशमाऐवजी लोकर, मोराऐवजी दोन रंगांचा त्रिकोण, एवढाच फरक. बरं, 'एवढाच' म्हटलं खरं, पण तो त्रिकोण करून बघा एकदा. त्यानंतर कुणाच्या लग्नात पैठणीचा पदर दिसला तर तुम्ही नवरीऐवजी पदराची उलटी बाजू बघाल.

दुसरा पर्याय कमरेचा माग. नागालँड, मणिपूर, अरुणाचल, मिझोराम या भागांत बायका यावर विणतात. ताण्याचं एक टोक भिंतीला किंवा खांबाला, दुसरं तुमच्या कमरेच्या पट्ट्याला. मागे रेललात की ताण वाढतो, पुढे झुकलात की सैल. चौकट तुम्हीच. काही दांडक्या आणि दोरा यात तो होतो, गुंडाळला की कपाटात जातो. कापड अरुंद निघतं. नागा शालीसुद्धा पट्टे शेजारी शेजारी शिवून केलेल्या असतात. मला हा माग मनापासून आवडतो, पण पहिला म्हणून मी तो सगळ्यांना सांगणार नाही. ताण सांभाळणं हे नवशिक्याचं सगळ्यात अवघड काम, आणि इथे ते सगळं तुमच्या पाठीवर येतं. दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून बसणाऱ्यांनी तर जरा जपूनच.

तिसरा, ज्याच्या लिंक्स तुम्ही पाठवताय, तो रिजिड हेडल लूम. टेबलावर ठेवायचा छोटा माग. मागे एक रूळ, त्यावर ताणा गुंडाळलेला. पुढे एक रूळ, त्यावर तयार कापड गुंडाळायचं. मधे हेडल, म्हणजे कंगव्यासारखी पट्टी. तिच्यात एक फट, एक भोक, एक फट, एक भोक, अशी रचना. पट्टी वर उचलली की भोकातले धागे वर, खाली दाबली की खाली, फटीतले आपल्या जागी. आणि हीच पट्टी पुढे ओढून बाणा ठोकायचा. एक भाग, दोन कामं. दिवसा मी बॅकएंडचा कोड लिहिते, तर असं डिझाइन दिसलं की मला बरं वाटतं. (आता तुम्ही म्हणाल, जॅकार्ड, पंचकार्ड, कॉम्प्युटरचा जन्म मागातून. हो, १८०४ चा जॅकार्ड आम्हा इंजिनिअर लोकांना फार प्रिय. तो वेगळा भाग करू. आज नको.)

हा माग मी पहिला म्हणून सुचवते तो ताणा लावायच्या सोयीमुळे. माग टेबलाच्या एका टोकाला शिकंज्याने घट्ट बसवायचा. समोर अडीच मीटरवर एक खुंटी, दुसऱ्या टेबलाला किंवा जड स्टुलाला. हेडलच्या फटीतून धाग्याचा वेढा आकड्याने ओढायचा, खुंटीला अडकवायचा, परत यायचं, पुढची फट. सगळ्या फटी झाल्या की प्रत्येक फटीत दोन धागे असतात. ताणा मागच्या रुळावर गुंडाळून झाला की त्यातला एक उचलून शेजारच्या भोकात. वेगळी ताण्याची चौकट लागत नाही, दुसरं माणूसही लागत नाही. रूळ गुंडाळताना कुणी खुंटीकडचं टोक धरलं तर उत्तम, पण अडत नाही.

रुंदी किती घ्यायची? साधारण ४०, ६०, ८० सेंटिमीटरमध्ये हे मिळतात. मोहाने ८० चा घेऊ नका. हात तेवढे फाकावे लागतात, बाणा एका फेकीत पलीकडे जात नाही आणि ताणा दुप्पट धाग्यांचा. ४० मध्ये स्टोल, नॅपकिन, पिशवी सगळं होतं. किमतींचं म्हणाल तर परदेशी ब्रँडचे माग दहा हजारांच्या बरेच वर जातात, इथे बनलेले स्वस्त पडतात. कुठलाही घ्या, लाकूड वाकलेलं नाही ना, रुळाचा दातेरी अडसर घट्ट बसतो ना आणि जास्तीचा हेडल मिळतो ना, एवढं बघा. अडसर निसटला की सगळा ताण गेला.

चार पट्ट्यांचा टेबल लूम आणि पायाने चालवायचा मोठा माग यांवर पटकन सांगते. टेबल लूमवर नक्षी जास्त होते, पण प्रत्येक फेरीला हाताने खटके दाबायचे, म्हणजे वेग कमी आणि ओवणं किचकट. पायाचा माग हे खरं उत्पादनाचं साधन. लांब-रुंद कापड, भरभर. पण त्याला खोलीचा मोठा भाग लागतो, आणि ठोक्याचा आवाज खालच्या मजल्यावर जातो. सोसायटीची मीटिंग तुमच्यावरच होईल. वर्षभर छोट्या मागावर हात बसला आणि तरीही तोच हवासा वाटला, तर तेव्हा बोलू.

आता थोडं गणित, कारण सूत कमी पडणं यासारखा विरस नाही. समजा स्टोल करायचाय, मागावर ३० सेंटिमीटर रुंद, १८० लांब. हेडल इंचाला १० धाग्यांचा, म्हणजे सेंटिमीटरला जवळपास ४. तीस गुणिले चार, १२० धागे. लांबीत १८० धरा. विणताना धागा वर-खाली जातो त्यात दहाएक टक्के जातात, ते १८. शिवाय मागाला बांधायला आणि शेवटी न विणता येणारा, झालरीत जाणारा असा सुमारे ५० सेंटिमीटर भाग. गोळाबेरीज अडीच मीटर. १२० गुणिले २.५, झाले ३०० मीटर ताणा. आणि वेढे घ्यायला खुंटीपर्यंत ये-जा करायची तीही ६० फेऱ्या, म्हणजे तुमचं चालणंही ३०० मीटरच. बाणा सेंटिमीटरला ४ धरला तर ७२० ओळी, प्रत्येकी ३० सेंटिमीटर, २१६ मीटर. वळणं धरून २४०. एकूण ५४० मीटर. दुकानात जाताना हा आकडा घेऊन जा, आणि थोडं जास्तच घ्या. त्याच रंगाची पुढची लॉट वेगळी निघते.

पण सूत कुठलं? इथे दुकानदार तुम्हाला नंबर सांगेल. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. एका पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात, तो नंबर. 'दोन पदरी वीस' म्हणजे वीस नंबरचे दोन धागे एकत्र पिळलेले, जाडीने दहा नंबरसारखे, किलोला जवळजवळ १७ किलोमीटर लांब. हातमागाच्या कापडाला छान, पण आपल्या इंचाला १० च्या हेडलमध्ये ते मच्छरदाणीसारखं दिसेल. चार-पाच पदर एकत्र घेतले तर जमतं. नंबराच्या भानगडीत पडायचं नसेल तर पट्टी घ्या, तिच्यावर धागा शेजारी शेजारी गुंडाळा, न दाबता, न ताणता. एक इंचात किती वेढे बसले? त्याच्या निम्मे धागे साध्या विणीला लागतात. वीस वेढे आले तर इंचाला १० चा हेडल. सोपं आहे.

आणि ताण्याला कुठलाही धागा चालत नाही. दोन्ही हातांत धरून झटका द्या. कापसासारखा सुटून आला तर बाण्याला ठेवा. रबरासारखा ताणला तर, ॲक्रिलिक लोकर बहुतेक अशीच असते, पहिल्या वेळी ताण्याला नकोच. मागावर ताठ दिसते, उतरवली की आक्रसते आणि स्टोलचा मफलर होतो. पहिल्या ताण्याला सुतीच घ्या, गुळगुळीत, पीळ चांगला असलेलं, आणि फिकट रंगाचं. काळ्या ताण्यात चूक शोधताना डोळे जातात.

ताणा रुळावर गुंडाळताना प्रत्येक फेऱ्याला मधे कागद घालायचा, नाहीतर वरचे धागे खालच्या थरात रुततात आणि ताण बिघडतो. वर्तमानपत्र पातळ पडतं. कालनिर्णयची जुनी पानं या कामाला अगदी फिट आहेत, रुंदीलासुद्धा. आईने गेल्या वर्षीचं दुधाच्या हिशेबाचं पान मागितलं तर मात्र मला सांगू नका.

ताणा लावून झाला की लगेच विणू नका. डोळे मिटून तळवा ताण्यावरून आडवा फिरवा. सैल धागे हाताला कळतात, डोळ्यांना कळत नाहीत. ते गाठीपाशी घट्ट करा. मग पहिले दोन-तीन इंच टाकाऊ जाड धाग्याने विणा. गाठींपाशी ताणा गुच्छागुच्छात असतो, तो तिथे सारखा पसरतो. त्यानंतर खरा बाणा.

बाणा नेताना सरळ ओढू नका. फटीतून तिरका न्या, डोंगराच्या उतारासारखा, आणि मग ठोका. उभ्या धाग्यांवरून खाली-वर जायला आडव्याला जास्तीची लांबी लागते. सरळ ओढला तर तो दोन्ही काठ आत खेचतो, आणि तिसाचं कापड बघता बघता पंचविसावर येतं. काठ सुरुवातीला वेडेवाकडे येणारच. दर ओळीला काठ ओढून सरळ करत बसलात तर आणखी बिघडतात. आणि ठोका म्हणजे हाणा नव्हे. हेडल पुढे आणून ठेवायचा फक्त. मागावर वीण थोडी जाळीदार दिसली पाहिजे, कारण कापड अजून झालेलंच नाही. मागावरून काढा, टोकांना चार-चार धाग्यांच्या गाठी मारा, कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा. सूत फुलतं, जाळी भरते. पहिल्या धुण्याआधी कुणालाही दाखवू नका, असा माझा नियम आहे.

वेळ किती लागेल? ७२० ओळी, मिनिटाला दोन धरल्या तर सहा तास. ताण्याचे तीन-चार. धुणं-बिणं वेगळं. म्हणजे एका स्टोलला दहा तास, सूत सोडून. हा आकडा मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचा प्रश्न मला माहितीये. घरचे विचारतातच, "मग विकायला काढ ना!" दहा तासांना तुमच्या पगाराच्या हिशेबाने गुणा, कुणी घेणार नाही. बाजारभावाने विका, तर स्वतःला तासाला किती दिले ते बघून गप्प बसाल. माझं मत स्पष्ट आहे. पहिलं वर्ष विकू नका. आपल्याला पगार आहे, आपण सूतखर्चावर स्टोल विकू शकतो. ज्याचं घर मागावर चालतं तो नाही विकू शकत. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभरात ३५ लाखांवर माणसं या कामात नोंदली गेली, त्यात बायका जास्त. आपल्या रविवारच्या छंदाची किंमत त्यांच्या किमतीशेजारी लागू नये. प्रदर्शनात "एवढासा टॉवेल, एवढे पैसे?" असं तोंडात आलं तर ७२० ओळी मोजा मनात.

शिकायचं कुठे? व्हिडिओ भरपूर आहेत, बघा. पण एकदा खरा माग बघायला जा. येवला आणि पैठण दोन्हीकडे पैठणी विणताना बघता येते. केंद्र सरकारची विणकर सेवा केंद्रं मुंबईत आणि नागपुरात आहेत, तिथे चौकशी करा. ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो, त्या सुमारास प्रदर्शनं, प्रात्यक्षिकं बरीच होतात. विणकराच्या घरी गेलात तर आधी विचारा, मग मोबाइल काढा. आणि हातांकडे कमी बघा, पायांकडे आणि मागच्या बाजूला जास्त. ताणा कसा बांधलाय, तुटलेला धागा कसा सांधतात, ते बघा. धागा तुटला की तो माणूस वैतागतो का, तेही बघा. बहुतेक नाही वैतागत.

तर कार्टमधल्या मागाचं काय? राहू दे तिथेच. या शनिवारी पुठ्ठा कापा, त्यावर दोन रंगांचा त्रिकोण विणा. तो पूर्ण झाला आणि लगेच दुसरा करावासा वाटला, तर ४० चा रिजिड हेडल घ्या. तिसऱ्या दिवशी पुठ्ठा पलंगाखाली गेला असेल, तर तुमचे पैसे वाचले, त्याची पार्टी मला.

अडलात तर व्हॉइस नोट पाठवा. सुताचा फोटो पाठवताना शेजारी पट्टी ठेवा हं, नाहीतर जाडी कळत नाही. आणि ताणा लावलेल्या मागाचा फोटो बाजूने काढा, वरून नको.